पाटी फुटते ती कोपऱ्यातून

मंडळी, पत्रिकेत छापलंय की मी कुरिअरने पाठवायच्या छापील पाट्यांचं, म्हणजे नामफलकांचं, पॅकिंग पाटीच्या मटेरियलनुसार कसं करायचं ते सांगणार. त्या सांगतोच. पण आधी माझं एक म्हणणं ऐकून घ्या. पाटी वाचवायची म्हणजे तिचे चार कोपरे वाचवायचे.

एक परत आलेलं पार्सल माझ्यासमोर उघडलं होतं. तीन मिलिमीटरचं ॲक्रिलिक, छपाई देखणी. खोक्यावर ओरखडासुद्धा नाही. आत मात्र खालचा उजवा कोपरा उडालेला, आणि तुकडा बबल रॅपच्या घडीत अडकलेला. मी खोका जरा तिरका केला, तर पाटी सरकन दुसऱ्या टोकाला गेली. खोका दोन बोटं लांब होता ना! बबल रॅप भरपूर, पण सगळा सपाट अंगांना. कडेला जेमतेम एक पदर. वाटेत खोका जिथे जिथे आपटून थांबला, तिथे पाटी आतून भिंतीवर आदळली आणि सगळा भार एका टोकावर आला. कुरिअरवाल्यांनी भरपाई नाकारली. का, तर म्हणे 'बॉक्स बाहेरून शाबूत आहे'. याचा मला अजून राग आहे. खोका शाबूत म्हणजे धक्का बसलाच नाही, हे कुठलं गणित?

पॅकिंगच्या चाचण्या ठरवणाऱ्या 'इस्टा' या आंतरराष्ट्रीय संस्थेची १ए नावाची चाचणी आहे. त्यात हलकं पार्सल ७६ सेंटिमीटरवरून १० वेळा टाकतात: एकदा कोपऱ्यावर, ३ वेळा कडांवर, ६ वेळा सपाट बाजूंवर. पहिला मान कोपऱ्याचा! आणि आपण काय करतो? 'नाजूक' असं स्टिकर लावतो. जरूर लावा, पण कुरिअरच्या सरकत्या पट्ट्यावर पार्सल वळवणारं मशीन फक्त बारकोड वाचतं. (हसलात, म्हणजे तुमच्याकडेही हे झालंय.)

घड्याळ दाखवताय, दिसलं मला. भराभर सांगतो.

कडक पाटीसाठी चहूबाजूंनी पाच-पाच सेंटिमीटर मोठे दोन कोरुगेटेड (आत नागमोडी थर असलेले) पुठ्ठे घ्या. एकाच्या आतल्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. कोपऱ्यांना टोप्या घालून पाटी मधोमध बसवा आणि उरलेली कड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी ठासून भरा. हलवल्यावर काहीही सरकता कामा नये. सनबोर्डचा (फोमच्या हलक्या बोर्डाचा) कोपरा चेपतो, एसीपीचा (ॲल्युमिनियमचे पत्रे लावलेल्या शीटचा) वाकतो, ॲक्रिलिकचा तुटतो. उपाय तिघांना हाच.

सॉल्व्हंट शाईची छपाई निदान २४ तास उघडी ठेवा, म्हणजे शाईतलं सॉल्व्हंट (द्रावक) उडून जाईल. नाहीतर बबल रॅपचे गोल ठसे उमटतात आणि ग्राहकाला वाटतं छपाईच खराब. छापील बाजूवर आधी पातळ फोम शीट, मग बबल रॅप. ॲक्रिलिकच्या मागचा संरक्षक कागद काढू नका, तो बसवणाऱ्याला काढू द्या.

व्हिनाइल, म्हणजे मागे कागद असलेली चिकट छापील शीट, कधीच घडी घालून पाठवू नका. छापील बाजू बाहेर ठेवून तीन इंची नळीवर गुंडाळा; आत ठेवली तर व्हिनाइल मागच्या कागदापासून सुटू लागतं. हा रोल ज्यात घालायचा ती बाहेरची नळी रोलपेक्षा लांब हवी आणि दोन्ही तोंडांशी फोमचा गोळा, कारण रोलचीही कडच आधी चेपते. फ्लेक्सचं राहिलं, त्यावरचे प्रश्न बाहेर चहाला घेऊ.