मोठ्याच्या यंत्रात छोट्याचं सॉफ्टवेअर
(इंदूरच्या एका व्याख्यानमालेतलं भाषण, संपादित)

मंडळी, समोर बसलेल्यांत निम्मे तरी इंजिनिअर असतील, नाहीतर इंजिनिअरांचे आईवडील. म्हणून थेट मुद्द्यावर येतो. आपल्या सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आहे, इन्फोसिस आहे; पण चार-पाच मुलांनी भाड्याच्या दोन खोल्यांत चालवलेल्या कंपन्याही गल्लोगल्ली आहेत. त्यांनी माल विकायचा कसा? जाहिरातीला पैसा नाही, गावोगाव फिरायला माणसं नाहीत. अशा वेळी यंत्र बनवणाऱ्या मोठ्या कंपनीशी जोडून घ्यावं. तिचं यंत्र जिथं पोचेल तिथं आपलं सॉफ्टवेअरही पोचतं. ही वाट चांगलीच आहे, असं माझं ठाम मत आहे. मात्र आपल्या हातात काय राखायचं, हे करार करण्याआधी ठरलं पाहिजे.

तोलकाट्याचंच बघा. मंडीत सोयाबीनची ट्रॉली काट्यावर चढते. खालच्या लोडसेलवर, म्हणजे वजन ओळखणाऱ्या सेन्सरवर, भार येतो, केबिनमधल्या इंडिकेटरवर आकडा हलत राहतो आणि सिरीयल केबलमधून कॉम्प्युटरकडे जातो. तो स्थिरावेपर्यंत थांबायचं, भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकामीचं वजा करायचं आणि पावती छापायची, हे सॉफ्टवेअरचं काम. काट्याला वजनमापे खात्याचं सील असतं, त्याच्या वाटेला आपण जात नाही. पण हरेक कंपनीचा इंडिकेटर आकडा आपल्या ढंगानं पाठवतो. कुणी आधी चिन्ह लावतो, कुणी शेवटी, कुणी आकडेच उलट्या क्रमानं सोडतो. हे सगळे ढंग समजणारा कोड ज्यानं लिहिला, त्याच्या दारी उद्या दहा काटेवाले येतील. तोच कोड एका काटेवाल्याला ‘फक्त तुमच्यासाठी’ म्हणून लिहून दिला, तर आपण बिनपगारी त्याच्या चाकरीत गेलो म्हणून समजा.

हातात काय राखायचं, याचं जुनं उदाहरण बघा. १९८०मध्ये आयबीएम ही बडी कॉम्प्युटर कंपनी आपल्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, शोधत होती. मायक्रोसॉफ्टकडे ती तयार नव्हती. तिनं सिअ‍ॅटल भागातल्याच एका छोट्या कंपनीची सिस्टिम घेतली, त्यावर काम केलं आणि आयबीएमला दिली. ऑगस्ट १९८१मध्ये यंत्र बाजारात आलं. आयबीएमकडून पैसे मिळालेच, पण खरी कमाई करारातल्या एका कलमाची: तीच सिस्टिम इतरांना विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टनं स्वतःकडे ठेवला. पुढे कॉम्पॅक आणि तिच्या मागोमाग कितीतरी कंपन्यांनी आयबीएमशी जुळणारी यंत्रं काढली, तेव्हा त्या सगळ्यांना मायक्रोसॉफ्टकडेच यावं लागलं.

आता ‘बी’ नावाच्या कंपनीचं बघा. तिची ऑपरेटिंग सिस्टिम जाणकारांना आवडायची. १९९८च्या सुमारास जपानच्या हिताचीनं ती आपल्या काही कॉम्प्युटरांत घातलीसुद्धा. पण यंत्र सुरू करताना ‘ही हवी की विंडोज’ असं विचारणारा पडदाच गिऱ्हाइकाला दिसत नव्हता. हिताचीचा मायक्रोसॉफ्टशी असलेला परवाना-करार आड आला होता. सिस्टिम यंत्रात होती आणि लोकांना ठाऊकच नव्हती! २००१मध्ये कंपनीची मालमत्ता हातात मावणारे कॉम्प्युटर बनवणाऱ्या पाम कंपनीनं १.१ कोटी डॉलरला घेतली. पुढे बीनं मायक्रोसॉफ्टवर दावा लावला आणि २००३मध्ये २.३२५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पैसे मिळाले तेव्हा कंपनीचा धंदा उरलाच नव्हता. म्हणून मी तरुणांना सांगतो, मोठ्या कंपनीला फक्त ‘किती यंत्रं विकता?’ एवढंच विचारू नका. ‘दुसऱ्या कुणाशी तुमचे कोणते करार आहेत, आणि आमचं नाव पडद्यावर दिसेल का?’ हेही विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

शेवटचा मुद्दा पैशांचा, आणि इथं आपली मुलं फार संकोचतात. मोठ्या कंपनीचा पर्चेसवाला तीन-तीन महिने बिल अडवतो आणि आपण ‘संबंध बिघडतील’ म्हणून गप्प बसतो. २००६च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला सांगितलं आहे. त्यापुढे रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. मात्र उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, माल देण्याआधीच झालेली असलेली बरी. ज्यांची अजून झालेली नसेल, त्यांनी पुढची ऑर्डर घेण्याआधी ती करून घ्यावी. ती ऑनलाइन होते आणि फी लागत नाही.