'संशोधित' म्हणजे काय?

(दृश्य: लांब टेबल. झेरॉक्सचे गठ्ठे, चहाचे कागदी कप. कागदावरून सरकणारं एक बोट.)

हे बोट चार रकान्यांवरून चाललंय. कागद आहे एका राज्याच्या अर्थसंकल्पाचा. पहिला रकाना 'वास्तविक', म्हणजे दोन वर्षांपूर्वी खरोखर झालेला खर्च. दुसरा चालू वर्षाचा 'बजट अनुमान', म्हणजे मूळ तरतूद, तिसरा त्याच वर्षाचा 'संशोधित अनुमान', आणि चौथा पुन्हा 'बजट अनुमान', पण येत्या वर्षाचा.

'संशोधित' शब्दापाशी मराठी माणूस अडतो. यात संशोधन कुणी केलं? पण हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. आपण ज्याला सुधारित अंदाज म्हणतो, तोच हा. आपली 'आरोग्य यंत्रणा'ही हिंदी कानाला आरोग्याच्या यातनांसारखी ऐकू येते, तेव्हा फिट्टंफाट.

सरकारी धोरणावर बातमी कशी लिहायची, याची ही कार्यशाळा. या टेबलाभोवती हिंदी वर्तमानपत्रांचे आणि वाहिन्यांचे जिल्हा बातमीदार बसलेत. त्यांना शब्द येतो. अडचण रकान्याची आहे.

शिकवणारा फळ्यावर तीन आकडे लिहितो. समजुतीपुरतेच. गेल्या वर्षी एका योजनेला 100 कोटींची तरतूद झाली. वर्ष सरताना ती सुधारून 70 कोटींवर आली. यंदा 90 कोटी जाहीर झाले. आता मथळा सांगा.

मागच्या बाकावरून लगेच उत्तर येतं. 'बीस करोड़ की बढ़ोतरी!'

सरकारी प्रेसनोटही बहुतेक हेच म्हणेल. 70 चे 90 झाले, हिशेब चुकलेला नाही. पण 100 शी ताडून पाहिलं तर ही 10 कोटींची कपात आहे. शिवाय मधल्या वर्षात 30 कोटी का कमी झाले, ही वेगळीच बातमी आहे आणि ती कुणीच विचारलेली नाही. ती तिसऱ्या रकान्यात निमूट बसून असते.

(दृश्य: फळ्यावर खडूने लिहिलेला मथळा: महँगाई घटी.)

दुसरा सराव या दोन शब्दांचा. महागाईचा दर 6 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आला की मथळा पडतो, 'महँगाई घटी'. वाचणारी बाई डाळ आणायला जाते आणि पेपरवाल्याला शिव्या घालत परत येते. बरोबरच आहे तिचं. 100 रुपयांची डाळ आधी 106 ची झाली, मग 110 ची. भाव उतरलेलाच नाही, चढण्याचा वेग तेवढा मंदावला. आपल्याकडे 'महागाई घटली' छापताना आपणही फार विचार करतो असं नाही, म्हणून हिंदीला हसायला नको.

यातली गंमत अशी, की भाव चढणं आणि चलन फुगणं यांतला फरक सांगायला हिंदीत एक नेमका शब्द आहे, 'मुद्रास्फीति'. तो रुळवल्याचं श्रेय हिंदीवाले एका मराठी घरातल्या संपादकाला देतात.

(दृश्य: बनारस. पहाटेचा घाट, मग गल्लीतलं जुनं छापखान्याचं यंत्र.)

बाबूराव विष्णु पराडकर. जन्म 1883 चा, काशीतलाच. 1920 मध्ये बनारसहून 'आज' हे दैनिक सुरू झालं आणि पराडकरांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं. इंग्रजी तारेवरून येणारी बातमी रात्रीत हिंदीत उतरवायची, आणि शब्द नसेल तर तिथल्या तिथे घडवायचा, हा त्या काळच्या हिंदी संपादकाचा रोजचा धंदा. 'राष्ट्रपति' हा शब्दही त्यांच्याच खात्यावर मांडला जातो. त्यांचे मामा सखाराम गणेश देउस्कर. नाव अस्सल मराठी, लेखन बंगालीत. इंग्रजी राजवटीत देशाचा पैसा कसा वाहून गेला याचा हिशेब त्यांनी 1904 साली पुस्तकात मांडला, आणि भाच्याने तो हिंदीत नेला.

माधवराव सप्रेही अशाच मराठी घरातले हिंदी संपादक. 1900 साली छत्तीसगढमधल्या पेंड्र्यासारख्या आडगावातून त्यांनी 'छत्तीसगढ़ मित्र' काढलं. 1907 साली नागपुरातून 'हिंदी केसरी'. मधल्या काळात काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने शास्त्रीय परिभाषेचा कोश हाती घेतला, त्यातली अर्थशास्त्राची बाजू सप्रे यांनी सांभाळली. धोरणावर लिहायचं तर आधी शब्द हवेत, हे त्यांना कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय कळलं होतं.

सरकारला कळायला जरा वेळ लागला. केंद्राचा अर्थसंकल्प इंग्रजीबरोबर हिंदीतही छापायला लागले ते 1955-56 पासून. तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख.

(दृश्य: पुन्हा वर्ग. अधिनियमाची दोन भाषांतली प्रत.)

मात्र आज अडचण वेगळी आहे. शब्द उदंड झालेत, पण ते कुणाच्या तोंडी नाहीत. संसदेतल्या विधेयकाचा अधिकृत पाठ घटनेच्या 348 व्या कलमानुसार इंग्रजीच. त्याची हिंदी होते ती अशी, की 'पारिणामिक', 'अननुज्ञेय', 'उपाबद्ध' असल्या शब्दांतून वाट काढताना बातमीदार शेवटी वैतागून इंग्रजी प्रत उघडतो. इंग्रजी कच्चं असेल तर तेही नाही. मग उरते प्रेसनोट.

(दृश्य: मुज़फ़्फ़रपुर, बिहार. लिचीच्या बागा. दुपारचं ऊन.)

पण धोरणाची बातमी म्हणजे केवळ कागदच, असं समजायचं कारण नाही. जून 2019. मुज़फ़्फ़रपुरात लहान मुलं दगावत होती. लोक त्या आजाराला 'चमकी बुखार' म्हणत. तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात वाहिन्यांचे कॅमेरे थेट अतिदक्षता विभागात घुसले. डॉक्टरच्या, परिचारिकेच्या तोंडापुढे माइक धरून जाब विचारला गेला, शेजारच्या खाटेवर मूल तडफडत असताना. त्या महिन्यात शंभराहून अधिक मुलं गेली.

वर्गात ती चित्रफीत दाखवतात आणि लगेच एक शोधनिबंध हातात देतात. तो 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात 2017 साली, म्हणजे या सगळ्याच्या दोन वर्षं आधी प्रसिद्ध झालेला. त्यात 2014 सालच्या साथीचा अभ्यास आहे. तिथल्या दोन रुग्णालयांत दाखल झालेली 390 मुलं, त्यांतली 122 दगावली. ज्यांची तपासणी झाली त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तातली साखर घसरलेली. लिचीतल्या विषारी घटकांचा संबंध दिसला, आणि त्यासोबत आणखी एक गोष्ट, आदल्या रात्री मूल जेवलेलं नसणं. शिफारशी साध्या होत्या. मुलाला रात्री उपाशी झोपू देऊ नका, लिची कमी खाऊ द्या, आणि आजाराचा संशय येताच साखर तपासून ती तातडीने भरून काढा.

मग प्रश्न बदलतात. गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ग्लुकोमीटर आहे का? त्याच्या पट्ट्या आहेत का, की नुसताच ग्लुकोमीटर? पहाटे झटका आला तर वाहन कुठून येतं? आशाताईंना रात्रीच्या जेवणाबद्दल घरोघरी सांगायला कुणी सांगितलं होतं का, आणि सांगितलं असेल तर कुठल्या महिन्यात? त्या घराकडे रेशनकार्ड आहे का?

यातला एकही प्रश्न अतिदक्षता विभागात विचारता येत नाही. त्यासाठी एप्रिलमध्येच गावात जावं लागतं, आणि एप्रिलमध्ये कुणी बातमीदाराला मुज़फ़्फ़रपुरात पाठवत नाही.

(दृश्य: राजस्थान. उघडं माळरान, रंगीत साड्या, सतरंजीवर बसलेले लोक.)

कागद वाचायचा म्हणजे काय, हे या देशाला खरं तर पत्रकारांनी शिकवलेलं नाही. ते राजस्थानातल्या मजुरांनी शिकवलं. डिसेंबर 1994, पाली जिल्ह्यातलं कोट किराना. मजदूर किसान शक्ती संघटनेने तिथे पहिली जनसुनवाई, म्हणजे लोकांसमोरची जाहीर सुनावणी, भरवली. केलं काय, तर सरकारी कामाचे मस्टर मोठ्याने वाचले. रोजगार हमीमुळे मस्टर हा शब्द आपल्याकडच्या खेड्यातही कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नाव पुकारलं जायचं आणि गर्दीतून कुणीतरी उठायचं, मी तर या कामावर कधी गेलोच नाही. मस्टरवर मजुरी, घरात दमडी नाही.

(दृश्य: ब्यावर शहरातला चौक.)

1996 साली ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं. मागणी एकच, या कागदांच्या प्रती द्या. दिल्लीच्या इंग्रजी जगाला ते उमगायच्या आत 'जनसत्ता' या हिंदी दैनिकाच्या प्रभाष जोशींनी त्यावर लिहिलं. त्यांचं शीर्षक होतं, 'हम जानेंगे, हम जियेंगे'. हिंदी पत्रकाराने धोरणावर कसं लिहावं याचा एक नमुना दाखवायचा तर मी हाच दाखवेन. माहितीचा अधिकार कायदा होऊन लागू व्हायला 12 ऑक्टोबर 2005 उजाडलं.

(दृश्य: वर्ग. प्रत्येकाच्या हातात कोरा कागद.)

दिवसाचा शेवटचा सराव त्याच कायद्याचा. अर्ज हिंदीत चालतो. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. एका तरुण बातमीदाराने लिहिलंय, 'सड़क इतनी खराब क्यों है?' शिकवणारा हसतो. या अर्जाला उत्तर येणार नाही. कायदा कागद देतो, कारणं देत नाही. तो खोडून लिहायला सांगतो. अमुक रस्त्याचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयक यांच्या प्रमाणित प्रती द्या. मोजमाप पुस्तिकेत डांबराचा थर किती जाड दाखवलाय ते लिहिलेलं असतं. रस्त्याच्या कडेला खणून पट्टी लावली की दोन आकडे समोरासमोर येतात.

सगळे लिहून घेतात. मग चहाच्या वेळी खरं बोलणं निघतं. यातले बरेच जण पगारी नाहीत. बातमीमागे पैसे मिळतात, तेही छापून आली तर. शिवाय दिवाळीला, पंधरा ऑगस्टला जाहिराती आणायच्या त्या यांनीच. ज्या ठेकेदाराची मोजमाप पुस्तिका मागवायची, शुभेच्छांची चौकट बहुधा त्याचीच असते. यावर कार्यशाळेच्या कार्यक्रमपत्रिकेत एकही तास नाही. असायला हवा होता.

(दृश्य: संध्याकाळ. आवारातून निघणाऱ्या मोटरसायकली.)

तो रस्त्याचा अर्ज लिहिणारा मुलगा कागदाची घडी करून खिशात ठेवतो. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर त्याला उद्या सकाळी घ्यायची आहे. त्याआधी नऊ वाजता मंत्र्यांच्या हस्ते एक उद्घाटन आहे, तिथला फोटो पाठवायचाय.

(मोटरसायकल खड्डा चुकवत वळते.)