बिजासनचा माळ आणि इंदूरचे विमानतळ

श्रोतेहो, नमस्कार. राजवाड्यावरून बडा गणपतीमार्गे पश्चिमेला निघाले की सुमारे आठ किलोमीटरवर बिजासनची टेकडी लागते. नवरात्रात देवीच्या दर्शनाला तेथे भाविकांची रीघ लागते. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ या टेकडीलगतच आहे आणि त्यासाठी ही जागा स्वातंत्र्यापूर्वी खुद्द होळकर संस्थानाने निवडली होती.

ती निवड झाली एप्रिल १९३५ मध्ये, यशवंतराव होळकर गादीवर असताना. जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन स्वतः विमान चालवत मुंबईला आले, त्याला तेव्हा जेमतेम अडीच वर्षे झाली होती. अशा काळात संस्थानाने सल्ला घेतला तो नेव्हिल व्हिन्सेंट यांचा, म्हणजे टाटांपुढे हवाई टपालसेवेची मूळ योजना मांडणाऱ्या वैमानिकाचाच. माळव्याची काळी माती पावसाळ्यात पाय रुतवणारी. त्यामुळे शहराजवळची मोकळी आणि उंचावरची जागा हाती असणे फार मोलाचे होते. शिवाय त्या काळच्या लहान विमानांना मुंबईहून दिल्लीला एका दमात जाता येत नसे, वाटेत इंधनासाठी उतरावेच लागे. १९३७ मध्ये टाटांची मुंबई-दिल्ली सेवा सुरू झाली, तेव्हा इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर हे तिचे थांबे होते. धावपट्टीची तयारी आधीच करणाऱ्या संस्थानाची दूरदृष्टी मला येथे दिसते.

संस्थाने विलीन होऊन मध्य भारत राज्य स्थापन झाले आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, २६ जुलै १९४८ पासून, इंदूरहून ग्वाल्हेर, दिल्ली व मुंबईसाठी विमानसेवा सुरू झाली. इंदूर आणि ग्वाल्हेर या दोन्ही शहरांतून या नव्या राज्याचा कारभार चालत असल्याने होळकरांचे आणि शिंद्यांचे शहर हवाई मार्गाने जोडले जाणे ही राज्यकारभाराचीही गरज होती. पुढे १ एप्रिल १९५० रोजी, आर्थिक एकीकरणाच्या करारानुसार, हे विमानतळ भारत सरकारच्या ताब्यात गेले.

२०१९ मध्ये येथून दुबईला थेट विमान सुटू लागले. धावपट्टी आता सुमारे २,७५० मीटर लांबीची आहे आणि एके काळचा हा माळ वस्तीने वेढला गेला आहे. दूरवर नवे विमानतळ उभारण्याची चर्चा अधूनमधून होते. ते झालेच, तरी बिजासनची धावपट्टी वापरातून जाऊ नये, कारण राजवाड्यापासून इतक्या जवळ अशी जागा इंदूरला पुन्हा मिळणार नाही.