फॉग सर्व्हर नेमका कुठे अडतो?

(दृश्य: काळ्या टर्मिनलवर एकामागून एक ओळी उमटत आहेत. प्रत्येक ओळीच्या शेवटी टिंबांची लांब रांग आणि त्यानंतर ‘ओके’.)

निवेदन:

महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत एकसारखी यंत्रे असतात आणि सत्र सुरू होण्यापूर्वी त्या सगळ्यांवर तीच ऑपरेटिंग सिस्टीम, तेच प्रोग्राम आणि त्याच सेटिंग्ज हव्या असतात. पेनड्राइव्ह घेऊन एकेका यंत्रापुढे बसण्याऐवजी एक यंत्र नीट तयार करून त्याच्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, सर्व्हरवर घ्यावी आणि ती नेटवर्कवरून बाकीच्या यंत्रांवर उतरवावी, हे काम फॉग प्रोजेक्ट ही मुक्तस्रोत प्रणाली करते. ती उबुंटू, डेबियन किंवा रेड हॅटच्या घराण्यातील लिनक्सवर बसते आणि तिला परवाना शुल्क लागत नाही.

फॉग हा एकसंध प्रोग्राम मात्र नाही. वेबपानासाठी अपाचे आणि पीएचपी, नोंदींसाठी मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल, यंत्र नेटवर्कवरून सुरू होताना पहिली फाइल देण्यासाठी टीएफटीपी, इमेज वाहून नेण्यासाठी एनएफएस आणि शेवटी ती जागेवर ठेवण्यासाठी एफटीपी, अशा जुन्या सेवांची ती जुळणी आहे. त्यामुळे ‘फॉग बसत नाही’ या तक्रारीत दोष बहुतेक वेळा या सेवांपैकी एखादीचा असतो आणि नाव फॉगचे येते. अशा वेळी सगळे पुसून पुन्हा पहिल्यापासून बसवण्याचा मोह आवरलेला बरा, कारण मूळ कारण तसेच राहते आणि इन्स्टॉलर पुन्हा त्याच ओळीवर थांबतो.

(दृश्य: टिंबांच्या रांगेअखेर ‘फेल्ड’ हा शब्द.)

पडद्यावर केवळ ‘फेल्ड’ दिसते. त्यामागचे कारण लॉगमध्ये, म्हणजे इन्स्टॉलरने लिहून ठेवलेल्या नोंदींत असते. इन्स्टॉलर ज्या ‘बिन’ फोल्डरमधून चालवला, त्यातच ‘एरर लॉग्ज’ नावाचा फोल्डर तयार होतो आणि त्यातील फाइलच्या शेवटच्या वीसेक ओळींत खरा संदेश सापडतो. पॅकेज उतरवतानाच गाडी अडली असेल, तर आधी आपल्या लिनक्सचे वय पाहावे. रेड हॅटच्या घराण्यातील सेंटओएस ८ ला अद्ययावत ठेवण्याचा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजी आणि सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ रोजी संपला. त्यांची पॅकेजे आता नेहमीच्या भांडारातून मिळत नाहीत, हे कारण लॉगमध्ये सरळ वाचता येते.

डेटाबेसचा घोटाळा अधिक फसवा आहे. उबुंटू १६.०४ सोबत मायएसक्यूएल ५.७ आले आणि रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याला पासवर्ड दिला नसेल, तर त्याची ओळख पासवर्डऐवजी लिनक्सच्या वापरकर्त्यावरून पटवण्याची पद्धत सुरू झाली. टर्मिनलवर रूट म्हणून बसलेल्या माणसाला डेटाबेस सहज उघडतो, त्यामुळे सर्व काही ठीक असल्याची त्याची खात्री पटते. वेबपान मात्र अपाचेच्या वापरकर्त्याच्या नावाने चालते, म्हणून त्याला प्रवेश नाकारला जातो आणि इन्स्टॉलर किंवा नंतरचे पान तिथेच थांबते. फॉगच्या पुढच्या आवृत्त्यांनी रूटवर विसंबणे सोडून स्वतःचा वेगळा डेटाबेस वापरकर्ता तयार केला; जुनी आवृत्ती चालवणाऱ्याने ती अद्ययावत करणे हाच त्यावरचा सरळ उपाय आहे.

इन्स्टॉलर नेटवर्क कार्डाचे नावही विचारतो. हा प्रश्न पाहून अनेक जण नुसते एंटर दाबतात. सर्व्हरला दोन कार्डे असतील, तर चुकीच्या कार्डाचा आयपी पत्ता फॉगच्या सेटिंग्जमध्ये, स्टोरेज नोडच्या (इमेज साठवणाऱ्या सर्व्हरच्या) नोंदीत आणि टीएफटीपीच्या फोल्डरमधील, यंत्र नेटवर्कवरून सुरू करणाऱ्या आयपीएक्सई या प्रोग्रामच्या फाइलमध्ये उतरतो. राउटरने दिलेला बदलता पत्ता ठेवला, तरी पुढे तीच गत होते: यंत्र पहिली फाइल घेते आणि मग अस्तित्वात नसलेल्या पत्त्याची वाट पाहत बसते. सर्व्हरला कायमचा पत्ता इन्स्टॉलर चालवण्याआधीच द्यावा.

(दृश्य: प्रयोगशाळेतील यंत्राचा काळा पडदा आणि त्यावर पीएक्सईचा संदेश.)

इन्स्टॉलर निर्विघ्न संपला, तरी यंत्र सुरू होईलच असे नाही. पीएक्सई म्हणजे यंत्र नेटवर्कवरून सुरू करण्याची पद्धत. तिचा ‘पीएक्सई-ई५१’ हा संदेश दिसला, तर यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी या सेवेकडून उत्तरच आलेले नाही. ‘ई५३’ म्हणजे पत्ता मिळाला, पण कोणती फाइल घ्यायची ते कळले नाही. अशा वेळी डीएचसीपीमधील ६६ आणि ६७ हे पर्याय तपासावेत. पहिल्यात सर्व्हरचा पत्ता असतो आणि दुसऱ्यात फाइलचे नाव. जुन्या बायोस पद्धतीने सुरू होणाऱ्या यंत्राला लागणारी फाइल नव्या यूईएफआय पद्धतीच्या यंत्राला चालत नाही, हेही इथेच लक्षात ठेवावे लागते. ‘ई३२’ मध्ये फाइलचे नाव कळलेले असते, पण टीएफटीपी उत्तर देत नाही, आणि तिथे संशय पहिल्यांदा ६९ क्रमांकाचे यूडीपी पोर्ट अडवणाऱ्या फायरवॉलवर घ्यावा. राउटरमध्ये हे पर्याय देण्याची सोयच नसेल, तर डीएनएसमास्क या प्रोग्रामच्या मदतीने प्रॉक्सी डीएचसीपी, म्हणजे पत्ते न वाटता फक्त ही माहिती देणारी सेवा, चालवता येते. त्याच नेटवर्कवर दुसरा पूर्ण डीएचसीपी सर्व्हर उभा करू नये, कारण मग शेजारच्या कार्यालयातील यंत्रेही गोंधळात पडतात.

इमेज साठवण्याची जागा अपुरी पडली की नवी मोठी डिस्क ‘इमेजेस’ फोल्डरवर माउंट केली जाते, म्हणजे त्या फोल्डरच्या जागी जोडली जाते, आणि दुसऱ्याच दिवशी यंत्रे एनएफएसची चूक दाखवू लागतात. या फोल्डरमध्ये आणि त्याच्या आतील ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये ‘एमएनटीचेक’ नावाची, टिंबाने सुरू होणारी रिकामी फाइल असते. ती दिसली तरच यंत्र पुढे जाते. नवी डिस्क वर बसल्यामुळे जुना फोल्डर तिच्याखाली झाकला जातो. ‘डेव्ह’ फोल्डर आणि दोन्ही रिकाम्या फाइली पुन्हा तयार करून योग्य परवानग्या दिल्या, की काम सुरू होते.

सर्वांत जिवावर येणारी चूक अगदी शेवटी समोर येते. इमेज घेण्याचे काम तासभर चालून पूर्ण होते आणि नेमके ‘डेटाबेस अपडेट’च्या टप्प्यावर अपयशाचा संदेश पुन्हा पुन्हा येत राहतो. इमेज आधी ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये, यंत्राच्या मॅक पत्त्याच्या (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाच्या) नावाने साठते, आणि तिथून योग्य जागी हलवण्यासाठी सर्व्हर ‘फॉगप्रोजेक्ट’ या लिनक्स वापरकर्त्याच्या नावाने एफटीपीमध्ये प्रवेश करतो. कुणी त्या वापरकर्त्याचा पासवर्ड बदलला असेल, तर हा प्रवेश फसतो. लिनक्समधील पासवर्ड, ‘ऑप्ट’मधील फॉगच्या फोल्डरात लपलेली सेटिंग्जची फाइल, स्टोरेज नोडची नोंद आणि टीएफटीपीच्या सेटिंग्ज या चारही ठिकाणी एकच पासवर्ड हवा. आधीच घेतलेली इमेज मात्र वाया गेलेली नसते. मॅक पत्त्याच्या नावाचा तो फोल्डर ‘डेव्ह’मधून बाहेर काढून इमेजचे नाव देऊन ‘इमेजेस’मध्ये ठेवला, की ती बाकीच्या यंत्रांवर उतरवता येते.