या दोघांत आधी कोण?

(काळ्या पडद्यावर तीन आकडे: ९, ८०, ७००.)

हे तीन आकडे लहानाकडून मोठ्याकडे मांडलेले आहेत. आता जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेला सांगू, सॉर्ट कर, म्हणजे क्रमाने लाव. नियम वगैरे काही द्यायचा नाही.

(आकडे जागा बदलतात: ७००, ८०, ९.)

उलटे झाले! गणित चुकलेलं नाही. नियम दिला नाही, की जावास्क्रिप्ट आकडे शब्दकोशातल्या शब्दांसारखे लावते. पहिलं अक्षर सात, मग आठ, मग नऊ. पुढची शून्यं विचारतो कोण?

सॉर्टला मुळात लहान-मोठं कळत नाही. तो दोन आकडे उचलतो आणि विचारतो, या दोघांत आधी कोण? उत्तर देणारं छोटंसं फंक्शन, म्हणजे कोडचा तुकडा, आपण लिहायचं. त्यातून ऋण संख्या आली तर पहिला आधी, धन आली तर दुसरा, शून्य आलं तर दोघे सारखे. म्हणून बरेच जण सरळ पहिल्यातून दुसरा वजा करतात. जावास्क्रिप्टमध्ये हे चालून जातं. जावा या दुसऱ्या भाषेत मात्र २०० कोटींतून उणे २०० कोटी वजा करून पाहा. उत्तर ४०० कोटी, आणि इंट या पूर्णांकाच्या प्रकारात मावतात जेमतेम २१४ कोटी. उत्तर फिरून ऋण होतं, आणि मोठा आकडा रांगेत पुढे जाऊन बसतो.

(पडद्यावर: ३, ३०, ३४.)

खरी मजा आता. हे तिन्ही एकापुढे एक जोडून सर्वांत मोठी संख्या करायची आहे. उतरता क्रम लावला तर ३४३०३. पण यापेक्षा मोठी होते. ३ आणि ३० समोरासमोर आणा. ३ आधी ठेवला तर ३३०, ३० आधी ठेवला तर ३०३. म्हणजे मान ३ चा! ३४ आणि ३? ३४३ की ३३४? ३४ आधी. जोडा सगळे: ३४३३०. सॉर्ट तोच, एक ओळही बदलली नाही. बदललं ते फक्त त्याच्या प्रश्नाचं आपलं उत्तर.

अट एवढीच, की उत्तरं एकमेकांना छेद देणारी नकोत. क हा ख च्या आधी, ख हा ग च्या आधी, आणि वर ग पुन्हा क च्या आधी, असं सांगितलं तर जावा ७ पासून पुढे कधीकधी एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याचा इशारा, फेकून थांबते. कधीकधीच. एरवी निमूटपणे कसातरी लावलेला क्रम हातात ठेवते, आणि तो चुकीचा आहे हे पडद्याकडे पाहून कळतही नाही.