कॉम्पोझिटर नसताना पारदर्शक विंडोचं काय होतं?

ज्यांनी आपल्या प्रोग्रामच्या विंडोला गोल कोपरे आणि मऊ सावली दिली आहे, त्यांच्याकडे ही तक्रार कधी ना कधी येतेच: ‘विंडोभोवती जाड काळी पट्टी दिसते.’ सोबत स्क्रीनशॉट. आपल्या मशीनवर मात्र सगळं छान. आज या काळ्या पट्टीबद्दलच बोलू.

लिनक्ससारख्या सिस्टिमवर विंडो दाखवणाऱ्या एक्स विंडो सिस्टिमच्या मूळ रचनेत सगळ्या विंडो एकाच फ्रेमबफरवर, म्हणजे पडद्याचे पिक्सेल ठेवणाऱ्या मेमरीवर, रंगतात. वरच्या विंडोने झाकलेल्या भागाचे पिक्सेल सहसा कुठेच साठवलेले नसतात; ती विंडो सरकली की सर्व्हर खालच्या प्रोग्रामला एक्स्पोज इव्हेंट पाठवतो, की बाबा, पुन्हा रंगव. मग पारदर्शक विंडो मिसळायची कशात? 2004 साली एक्स.ऑर्ग 6.8 मध्ये कॉम्पोझिट एक्स्टेन्शन आलं आणि प्रत्येक विंडो स्वतंत्र बफरमध्ये रंगवण्याची सोय झाली. ते बफर एकमेकांत मिसळून पडद्यावर मांडतो तो कॉम्पोझिटर.

खरी मेख पुढे आहे. कॉम्पोझिटर नसला तरी 32 बिटांची, म्हणजे तीन रंगांसोबत अल्फा (किती अपारदर्शक ते सांगणारा आकडा) असलेली विंडो बिनतक्रार तयार होते. एरर नाही, इशारा नाही. फक्त अल्फाकडे कुणी बघत नाही. आणि इथे रंग अल्फाने आधीच गुणून ठेवलेले असतात: अर्धपारदर्शक पांढरा म्हणजे तिन्ही रंग 255 नव्हे, 128. अल्फा गळाला की तो सरळ राखाडी दिसतो. सावलीच्या पिक्सेलमध्ये तर तिन्ही रंग 0, जे काही आहे ते अल्फातच. पूर्ण पारदर्शक कोपराही 0. म्हणजे तुम्ही काळं काहीच रंगवलेलं नव्हतं. अल्फा गेल्यावर उरलं ते काळं.

जुन्या लोकांनी यावर झकास जुगाड केला होता. ईटर्म, एटर्म असे टर्मिनल रूट विंडोवरच्या (सगळ्यांच्या मागच्या, पडदाभर पसरलेल्या विंडोवरच्या) प्रॉपर्टीतून वॉलपेपरच्या पिक्समॅपचा, म्हणजे सर्व्हरकडे साठवलेल्या चित्राचा, आयडी घेत, आपल्या जागेपुरता तुकडा कापत, त्यावर रंगाची छटा चढवत आणि तो पार्श्वभूमीला लावत. विंडो हलली की तुकडा पुन्हा कापायचा. मागे दुसरी विंडो असेल तर ती दिसत नाही, वॉलपेपरच दिसतो. ढोंगच ते! पण टर्मिनलपुरतं मला ते आजही पटतं. कोपरे गोल करायला शेप एक्स्टेन्शन आहे, पण त्यात पिक्सेलमागे एकच बिट असतो: आहे किंवा नाही. त्यामुळे कडा दातेरी येतात.

आजच्या प्रोग्रामने मात्र आधी विचारावं. चालू कॉम्पोझिटर ‘नेट-डब्ल्यूएम-सीएम-एस0’ या सिलेक्शनची (एक्समधलं असं नाव, ज्याचा एका वेळी एकच मालक असतो) मालकी घेतो; शेवटचा आकडा स्क्रीनचा. मालक नसेल तर पारदर्शकतेचा नाद सोडायचा. बरेच जण हे फक्त सुरुवातीला एकदा तपासतात, आणि तिथेच फसतात. कॉम्पोझिटर मध्येच बंद होऊ शकतो. काही जण खेळ खेळताना तो मुद्दाम बंद ठेवतात. मालक बदलल्याची वर्दी एक्सफिक्सेस हे एक्स्टेन्शन देतं, ती ऐकत राहायचं. जीटीके 3 टूलकिट हे सांभाळतं: कॉम्पोझिटर नसेल तर स्वतः सजवलेल्या विंडोला ‘सॉलिड-सीएसडी’ क्लास लावतं आणि सावलीऐवजी साधी चौकट काढतं. स्वतः लिहिणार असाल तर सावलीसाठी राखलेली समासाची जागाही काढून टाका. नुसता रंग बदलला तर काळ्या पट्टीऐवजी करडी पट्टी, एवढाच फरक.

एक्सच्या जागी आलेल्या वेलँडमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तिथे डिस्प्ले सर्व्हरचं कामही कॉम्पोझिटरच करतो. विंडोज 8 पासून तिथलाही कॉम्पोझिटर बंद करता येत नाही. उरतात ते एक्सवर साधा विंडो मॅनेजर चालवणारे आणि दुरून जोडणारे. आणि तक्रारी नेमक्या त्यांच्याच येतात.

तपासायला फार काही लागत नाही. प्रोग्राम चालू ठेवून पिकॉम (एक्सवरचा एक कॉम्पोझिटर) बंद करा, मग पुन्हा सुरू करा, आणि दोन्ही वेळा विंडोच्या कडा बघा. मेनू आणि टूलटिपही उघडून बघा. त्या स्वतंत्र विंडो असतात, आणि मुख्य विंडो दुरुस्त केल्यावरही काळे कोपरे तिथे राहून जातात.