पाण्याच्या बाटलीतील स्फटिक

श्रोतेहो, नमस्कार.

पाण्याच्या रिकाम्या बाटलीत उकळता चहा किंवा गरम पाणी भरले की ती बघता बघता आक्रसून वेडीवाकडी होते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. नीट निरखले तर आणखी एक गोष्ट दिसते. बाटलीचे पोट आणि खांदे आकसतात. झाकणाचे आटे असलेली मान मात्र थोडी मऊ पडली तरी फारशी आखूड होत नाही. प्लास्टिक दोन्हीकडे एकच, पेट नावाचे. फरक आहे तो त्याच्या रेणूंच्या मांडणीत, आणि ही मांडणी ठरते ते प्लास्टिक कसे तापवले, कसे निवू दिले आणि कसे ताणले यावरून.

प्लास्टिकचा रेणू म्हणजे एक लांबलचक साखळी. वितळलेल्या अवस्थेत या साखळ्यांचा शेवयांसारखा गुंता झालेला असतो. निवताना पुरेसा वेळ मिळाला, तर साखळीचे काही भाग लुगड्याच्या निऱ्यांप्रमाणे पुढे-मागे दुमडून एकमेकांशेजारी शिस्तीने बसतात. या शिस्तबद्ध मांडणीलाच स्फटिक म्हणतात. पॉलिथिनच्या स्फटिकांत साखळ्या अशा दुमडलेल्या असतात, हे ब्रिस्टल विद्यापीठातील अँड्र्यू केलर यांनी 1957 मध्ये दाखवून दिले. या निऱ्यांची एकेक चकती साधारण 10 नॅनोमीटर जाडीची असते. अशा असंख्य चकत्या एका केंद्राभोवती चहूकडे वाढत जातात आणि त्यांचा गोलक तयार होतो. तो प्रकाशाच्या तरंगलांबीएवढा किंवा त्याहून मोठा झाला की त्यावर आदळलेला प्रकाश विखुरतो, आणि पारदर्शक वस्तू दुधासारखी पांढरी दिसू लागते.

साखरेचा पाक संथपणे निवला तर खडीसाखर धरते, आणि चिक्कीचा पाक झटकन थंड झाला तर काचेसारखा कडक होतो. पेटचेही तसेच आहे. ते सुमारे 250 अंश सेल्सिअसला वितळते आणि 75 अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, विशेषतः 170 अंशांच्या सुमारास, त्यात स्फटिक सर्वांत वेगाने धरतात. म्हणून बाटलीचे पूर्वरूप असलेली जाड नळी, जिला कारखान्यात प्रीफॉर्म म्हणतात, ती चिलरच्या पाण्याने गार ठेवलेल्या साच्यात झपाट्याने निववली जाते. स्फटिकांना धरायला सवडच मिळत नाही आणि प्रीफॉर्म काचेसारखा स्वच्छ निघतो. तोच प्रीफॉर्म 150 अंशांच्या भट्टीत काही काळ ठेवला, तर तो पांढराफटक आणि ठिसूळ होतो.

पण स्फटिक धरण्याची दुसरीही एक वाट आहे, ती ताणाची. व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनतज्ज्ञांनी 1941 मध्ये इंग्लंडमध्ये पेट शोधले ते धाग्यासाठी. आपल्याकडे आवडीने वापरले गेलेले टेरिलीन ते हेच. धागा ओढला की साखळ्या विंचरलेल्या केसांसारख्या एका दिशेत येतात आणि त्या ताणाखालीच बारीक स्फटिक धरतात. अमेरिकेत नथॅनिएल वायेथ यांनी हेच तत्त्व दोन दिशांना लागू केले आणि 1973 मध्ये बाटलीचे पेटंट मिळवले. प्रीफॉर्म सुमारे 100 अंशांपर्यंत तापवतात, आतून सळईने लांबीत ताणतात आणि जोरदार हवेने रुंदीत फुगवतात. असे ताणाने धरलेले स्फटिक इतके लहान असतात की प्रकाश त्यांना ओलांडून सरळ पार जातो. बाटली पारदर्शक राहते, बळकट होते आणि सोड्यातला वायूही सहजासहजी बाहेर पडू देत नाही. मान मात्र ताणलीच जात नाही. उकळत्या पाण्याने आखूड होण्याइतका ताण तिच्यात साठलेलाच नसतो. पोटाच्या भिंतीत तो गोठवून ठेवलेला असतो आणि उष्णता मिळताच मोकळा होतो.

एका कारखान्यात बाटल्या पांढुरक्या निघत होत्या, म्हणून ऑपरेटरने हीटर वाढवले आणि पांढरेपणा आणखी गडद झाला. हा प्रसंग मला फार शिकवणारा वाटतो, कारण पांढरेपणा दोन प्रकारचा असतो. जास्त तापलेल्या प्रीफॉर्ममध्ये मोठे गोलक धरतात आणि दुधट धूसरपणा येतो. तेथे उष्णता कमी करावी लागते. उलट, प्रीफॉर्म पुरेसा न तापता ताणला गेला, तर भिंतीत अतिसूक्ष्म पोकळ्या पडून मोत्यासारखी झाक येते. तेथे उष्णता वाढवावी लागते. बाटली उजेडासमोर धरून ही झाक ओळखता येणे हेच त्या कामातले खरे कसब आहे, असे मी मानतो.

फळांचा रस गरम असतानाच भरायचा असेल, तर बाटली तापलेल्या साच्यात क्षणभर धरून तिच्यातला ताण आधीच सैल केला जातो आणि स्फटिक वाढवले जातात. अशा काही बाटल्यांची मानही मुद्दाम तापवून स्फटिकी केलेली असते, म्हणून पोट नितळ असूनही आट्यांचा भाग पांढरा दिसतो. पुढच्या वेळी रसाची बाटली हाती आली की तिची मान जरूर पाहा.

नमस्कार.